चाळिशीच्या आसपास नर्स होताना : इंग्लंडमधील पगारी अप्रेंटिसशिपचा मार्ग

इंग्लंडमध्ये अप्रेंटिसशिपच्या, म्हणजे शिकाऊ उमेदवारीच्या वाटेने नर्स व्हायचे असेल, तर सगळ्यात आधी रुग्णालयातली नोकरी मिळवावी लागते आणि विद्यापीठाचा नंबर त्यानंतर लागतो. हा क्रम लक्षात न आल्यामुळे कितीतरी जणी विद्यापीठांची माहितीपत्रके गोळा करण्यात वर्ष घालवतात आणि शेवटी ‘आधी नोकरी देणारा मालक शोधा’ एवढे एकच उत्तर घेऊन परततात. मी स्वतः वयाच्या ४१व्या वर्षी, दोन मुले शाळेत असताना, बी.कॉम.ची जुनी पदवी आणि चार वर्षांचा हेल्थकेअर असिस्टंटचा, म्हणजे नर्सच्या हाताखाली रुग्णांची देखभाल करणाऱ्या मदतनिसाचा, अनुभव घेऊन या अभ्यासक्रमाला बसले. पतीच्या नोकरीनिमित्ताने या देशात आलेल्या, मुले थोडी मोठी झाल्यावर स्वतःच्या कामाचा विचार करणाऱ्या मराठी बायकांसाठी आणि अर्थात पुरुषांसाठीही हा लेख आहे. वयाची वरची अट या अभ्यासक्रमाला नाही. इथल्या विद्यापीठांच्या भाषेत २१ वर्षे पूर्ण झाल्यावर पदवीला येणारा प्रत्येक जण ‘प्रौढ विद्यार्थी’च असतो, त्यामुळे वर्गात आपण एकट्याच मोठ्या असू ही भीती मनातून काढून टाकावी.

आधी दोन वाटा ओळखून घ्या

पहिली वाट म्हणजे ‘रजिस्टर्ड नर्स डिग्री अप्रेंटिसशिप’. ती साधारण चार वर्षे चालते आणि शेवटी नर्सिंगची पदवी मिळून नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल, म्हणजे एनएमसी, या नियामक संस्थेकडे नर्स म्हणून नोंदणीसाठी अर्ज करता येतो. दुसरी वाट ‘नर्सिंग असोसिएट’ या पदाची आहे. ती दोन वर्षांची असते आणि तिच्या शेवटीही एनएमसीचीच नोंदणी होते, मात्र ती नर्स म्हणून होत नाही. हेल्थकेअर असिस्टंट आणि नर्स यांच्या मधले हे पद इंग्लंडसाठी निर्माण झाले आणि त्याची नोंदणी जानेवारी २०१९पासून सुरू झाली. नर्सिंग असोसिएट झाल्यावर आधीचा अभ्यास गृहीत धरून उरलेला भाग साधारण दीड ते दोन वर्षांत पुरा करता येतो आणि नर्स होता येते.

ज्यांचा अभ्यास सुटून पंधरा-वीस वर्षे झाली आहेत, घरी लहान मुले किंवा आजारी सासू-सासरे आहेत, त्यांनी दुसरी वाट गांभीर्याने विचारात घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षी काही कारणाने थांबावे लागले, तर हातात नोंदणी नसते. इथे मात्र दोन वर्षांनी एक पूर्ण पात्रता, नोंदणी आणि वरचा पगार पदरात पडतो, आणि पुढे जायचे की श्वास घ्यायला थांबायचे हे ठरवता येते. एक सावधगिरी मात्र हवी. पुढच्या टप्प्याची जागा मिळेलच अशी हमी बहुतेक ठिकाणी दिली जात नाही, म्हणून तुमच्या ट्रस्टने, म्हणजे एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेतील तुमची रुग्णालये चालवणाऱ्या संस्थेने, गेल्या दोन-तीन वर्षांत किती नर्सिंग असोसिएटना पुढे पाठवले हे सुरुवातीलाच विचारून घ्यावे.

नर्सिंगच्या चार शाखा आहेत : प्रौढ रुग्ण, बालरुग्ण, मानसिक आरोग्य आणि लर्निंग डिसॅबिलिटी. डिग्री अप्रेंटिसशिपमध्ये शाखा सुरुवातीलाच निवडावी लागते आणि नोंदणीही त्याच शाखेत होते. नर्सिंग असोसिएटचे प्रशिक्षण चारही शाखांना स्पर्श करते.

भारतात जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग केलेल्या वाचकांनी इथेच थांबावे, कारण ही वाट त्यांच्यासाठी नाही. त्यांनी एनएमसीच्या परदेशी नर्सांसाठीच्या नोंदणीकडे जावे. त्यात इंग्रजीची परीक्षा, संगणकावरची सीबीटी आणि प्रात्यक्षिकांची ऑस्की असते, आणि चार वर्षे पुन्हा शिकण्यापेक्षा ते फार लवकर होते. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधील नियम वेगळे आहेत, त्यामुळे पुढचे सगळे विवेचन इंग्लंडपुरतेच समजावे.

पहिली पायरी : व्हिसा आणि वास्तव्य तपासा

अप्रेंटिसशिपचा खर्च सरकारी निधीतून होतो. एप्रिल २०१७पासून मोठ्या मालकांकडून त्यासाठी स्वतंत्र लेव्ही, म्हणजे एक प्रकारचा कर, घेतली जाते. म्हणून उमेदवाराची पात्रताही निधीच्या नियमांनी ठरते. परदेशी नागरिकाच्या बाबतीत ढोबळ नियम असा, की त्याच्याकडे शिक्षणासाठीचा सोडून अन्य प्रकारचा वैध वास्तव्य परवाना हवा, काम करण्याचा हक्क हवा आणि अभ्यासक्रम सुरू होण्याआधीची सलग तीन वर्षे तो युनायटेड किंग्डममध्ये नेहमीचा रहिवासी असायला हवा. शिवाय कामाचे निदान निम्मे तास इंग्लंडमध्ये भरले पाहिजेत आणि हातात असलेल्या मुदतीत अभ्यासक्रम पुरा होऊ शकेल याची खात्री प्रशिक्षण देणारी संस्था करून घेते.

या नियमाचा आपल्या लोकांना मोठा लाभ आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. डिपेंडंट व्हिसावर असलेल्या व्यक्तीने नेहमीच्या पद्धतीने विद्यापीठात प्रवेश घेतला, तर तिला सहसा परदेशी विद्यार्थ्याची फी पडते आणि सरकारी शैक्षणिक कर्ज मिळत नाही. तीच व्यक्ती तीन वर्षांच्या वास्तव्यानंतर अप्रेंटिसशिपला मात्र पात्र ठरू शकते, आणि तिथे फी भरण्याचा प्रश्नच नसतो. ज्यांचा स्किल्ड वर्कर व्हिसा स्वतःच्या नावावर आहे, त्यांचा व्हिसा एका विशिष्ट नोकरीशी बांधलेला असल्यामुळे पदात होणारा बदल त्यात बसतो की नाही, हे नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराकडून लेखी घ्यावे. ओळखीच्या कुणीतरी सांगितले एवढ्यावर हा निर्णय घेऊ नये.

दुसरी पायरी : गणित, इंग्रजी आणि जुनी कागदपत्रे

बहुतेक विद्यापीठे इंग्रजी आणि गणितात जीसीएसईची (इथली आपल्या दहावीसारखी शालेय परीक्षा) ग्रेड ४ किंवा तिच्या तोडीची लेव्हल २ पात्रता मागतात. आपल्या दहावी-बारावीच्या आणि पदवीच्या गुणपत्रिका यूके ईएनआयसी या संस्थेकडून समतुल्यतेचे प्रमाणपत्र घेऊन सादर करता येतात. ते स्वीकारायचे की नाही हे मात्र प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते. मी त्या पत्रव्यवहारात तीन महिने घालवले आणि शेवटी फंक्शनल स्किल्सच्या, म्हणजे व्यवहारोपयोगी इंग्रजी आणि गणिताच्या, लेव्हल २च्या परीक्षा दिल्या. माझ्या अनुभवावरून सांगते, की अर्ज करण्याच्या वर्षभर आधीच या दोन्ही परीक्षा देऊन मोकळे व्हावे. इथल्या प्रौढ शिक्षण केंद्रांत त्या पात्र रहिवाशांना विनाशुल्क शिकता येतात, आणि अनेक ट्रस्ट आपल्या कर्मचाऱ्यांसाठी त्यांचे वर्ग स्वतःच चालवतात. कॉमर्स किंवा आर्ट्सची पदवी आधीच असणे अप्रेंटिसशिपच्या आड येत नाही, कारण शिकायचे असते ते पूर्णपणे नवे कौशल्य.

भारतातून कागद मागवायचे असतील तर लसीकरणाच्या नोंदीही त्याच वेळी मागवा. हेपटायटिस बी, गोवर, कांजिण्या आणि क्षयरोग यांबद्दल कर्मचाऱ्यांच्या आरोग्याकडे पाहणारा ऑक्युपेशनल हेल्थ विभाग नक्की विचारतो. नोंद सापडली नाही तर रक्ततपासणी करून घेतात, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही, फक्त वेळ जातो. त्याखेरीज एन्हान्स्ड डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी पार्श्वभूमीची, तपासणी होते.

तिसरी पायरी : वॉर्डात पाऊल ठेवा

अप्रेंटिसशिपच्या पुष्कळशा जागा ट्रस्टमध्ये आधीपासून काम करणाऱ्यांसाठीच निघतात. बाहेरच्यांसाठीच्या जाहिराती एनएचएस जॉब्ज, ट्रॅक आणि सरकारच्या ‘फाइंड अॅन अप्रेंटिसशिप’ या संकेतस्थळांवर येतात, पण त्या थोड्या असतात आणि अर्ज भरपूर येतात. म्हणून बँड २ किंवा ३ची (बँड म्हणजे एनएचएसमधील पगाराची श्रेणी) हेल्थकेअर असिस्टंटची नोकरी आधी धरणे हाच खात्रीचा मार्ग आहे. जाहिरातीत अनुभव मागितला असेल, तरी घरात वृद्ध माणसाची केलेली शुश्रूषा, केअर होममधील काम किंवा स्वयंसेवा हाही अनुभवच असतो आणि तो तसा लिहावा.

रुजू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केअर सर्टिफिकेट हे रुग्णसेवेचे प्राथमिक प्रशिक्षण पुरे करावे लागते. ते नुसते उरकून टाकू नका, कारण पुढच्या अभ्यासाचा पाया तिथेच घातला जातो. माझ्या पहिल्याच आठवड्यात एका ज्येष्ठ हेल्थकेअर असिस्टंटने मला श्वास मोजायला शिकवले. रुग्णाला सांगून श्वास मोजला की त्याची लय बदलते, म्हणून मनगटावर नाडी बघत असल्यासारखी बोटे तशीच ठेवायची आणि छातीची हालचाल घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायची. इथल्या रुग्णालयांत न्यूज २ नावाच्या तक्त्यावर श्वास, ऑक्सिजनची पातळी, रक्तदाब, नाडी, शुद्धी आणि ताप यांना गुण दिले जातात. ऑक्सिजन द्यावा लागत असेल तर त्याचेही गुण धरतात. एकूण बेरीज ५ झाली की तातडीने नर्सला आणि डॉक्टरला कळवायचे, ७ किंवा जास्त झाली की आणीबाणी समजायची. अंदाजाने लिहिलेला ‘१६’ हा आकडा बिघडत चाललेल्या रुग्णाला तासन्‌तास झाकून ठेवू शकतो. ज्या हेल्थकेअर असिस्टंटचे श्वासाचे आकडे खरे असतात, तिच्याकडे वॉर्डातल्या सिस्टरचे लक्ष आपोआप जाते, आणि पुढे शिफारस लागते ती तिचीच.

हे काम अंगाला झेपते का, हेही इथेच कळते. साडेबारा तासांची शिफ्ट, रात्रपाळी, मलमूत्र, मृत्यू आणि रुग्णाच्या नातेवाइकांचा राग हे सारे एकदा जवळून पाहिल्यावर घेतलेला निर्णय पक्का असतो. निदान एक हिवाळा काढून मगच अर्ज करावा.

चौथी पायरी : अर्ज आणि मुलाखत

माझा पहिला अर्ज नाकारला गेला, आणि आज तो वाचताना तो नाकारायलाच हवा होता असे वाटते. त्यात ‘मला लहानपणापासून सेवेची आवड आहे’ अशी वाक्ये होती आणि एकाही रुग्णाचा प्रसंग नव्हता. दुसऱ्या वेळी मी रात्री वारंवार उठू पाहणाऱ्या एका डिमेन्शियाच्या आजींबद्दल लिहिले : त्यांना परत झोपवण्याऐवजी मी त्यांना शौचालयात नेले, मग त्या शांत झोपल्या, आणि ते निरीक्षण मी हँडओव्हरमध्ये, म्हणजे पाळी बदलताना माहिती सोपवतात तेव्हा, सांगितल्यामुळे त्यांच्या केअर प्लॅनमध्ये ठरावीक वेळा लिहिल्या गेल्या. परिस्थिती काय होती, तुम्ही काय केले, त्याचा परिणाम काय झाला आणि त्यातून काय शिकलात, या चार गोष्टी प्रत्येक उत्तरात आल्या पाहिजेत. रुग्णाचे नाव किंवा ओळख पटेल असा तपशील मात्र चुकूनही सांगू नये, कारण मुलाखत घेणारे नेमके तेही पाहत असतात.

मुलाखतीला ट्रस्ट आणि विद्यापीठ दोघांचेही प्रतिनिधी असतात. एनएचएस घटनापत्रातील मूल्ये वाचून जावे, आणि आपण चुकलो तेव्हा काय केले याचे एक खरे उदाहरण तयार ठेवावे. आपल्याकडे वरिष्ठांसमोर चूक कबूल करण्याची सवय कमी असते आणि ‘आम्ही सगळ्यांनी मिळून केले’ असे सांगण्याची सवय जास्त असते. इथे ‘मी काय केले’ हे नम्रपणे पण स्पष्ट सांगावे लागते.

पाचवी पायरी : सही करण्याआधी पैशांचा आणि वेळेचा हिशेब

अप्रेंटिस हा नोकरदारच असतो. त्यामुळे पगार, भरपगारी रजा, आजारपणाची रजा आणि पेन्शन हे सारे चालू राहते. फी उमेदवाराने भरायची नसते, आणि अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडला तरी प्रशिक्षणाचा खर्च त्याच्याकडून वसूल करता येत नाही. असे कलम करारात दिसले तर सही करण्याआधी युनियनला दाखवा. दुसऱ्या बाजूला, पूर्णवेळ विद्यार्थी नर्सांना मिळणारे वर्षाचे किमान ५,००० पौंडांचे अनुदान आणि शैक्षणिक कर्ज अप्रेंटिसला मिळत नाही.

शिकत असतानाचा पगार प्रत्येक ट्रस्टमध्ये वेगळा असतो आणि साधारणपणे बँड २ ते ४ यांच्यात बसतो. २०२५-२६मध्ये बँड ३चा सुरुवातीचा वार्षिक पगार २४,९३७ पौंड होता, आणि नोंदणीनंतर मिळणाऱ्या बँड ५चा ३१,०४९ पौंड. आज रात्रपाळी आणि रविवार यांच्या वाढीव मेहनतान्यावर घर चालत असेल, तर वर्गाच्या आठवड्यांत ते मिळणार नाही. ही घट वर्षाकाठी हजारांत जाऊ शकते. म्हणून गेल्या बारा महिन्यांच्या पगारपत्रकांतून मूळ पगार वेगळा काढा आणि फक्त त्यावर घराचे हप्ते भागतात का ते पाहा. अनुभवी असिस्टंटचा बँड अप्रेंटिस झाल्यावर खाली येणार का, हेही लेखी विचारा.

वेळेचा हिशेब याहून कडक आहे. नर्सिंगच्या नोंदणीसाठी एकूण ४,६०० तासांचे प्रशिक्षण लागते, त्यांपैकी निम्मे सैद्धांतिक आणि निम्मे प्रत्यक्ष रुग्णसेवेतले. आठवड्याला साडेसदतीस तास धरले तर नुसत्या २,३०० तासांच्या प्लेसमेंटचेच, म्हणजे वेगवेगळ्या विभागांतील प्रत्यक्ष शिक्षणाचेच, ६१ आठवडे होतात, आणि उरलेल्या दिवसांत आपली नेहमीची नोकरीही करायची असते. अभ्यासक्रम तीनऐवजी चार वर्षांचा होतो तो यामुळेच. चुकलेले तास भरून द्यावे लागतात, त्यांत सूट मिळत नाही. रजा विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणे घ्यावी लागते, म्हणून गावाकडे महिनाभर जाण्याचे बेत या चार वर्षांपुरते बाजूला ठेवावे लागतात. आई-वडील थकलेले असतील तर भावंडांशी याबद्दल आधीच बोलून घ्यावे. बाळंतपण, मोठे आजारपण किंवा घरातील संकट यांसाठी अधिकृत ‘ब्रेक इन लर्निंग’, म्हणजे अभ्यासक्रमात तात्पुरता खंड, घेता येतो, आणि तो मागण्यात कमीपणा मानू नये.

सहावी पायरी : शिकताना आपला विद्यार्थीपणा जपा

प्रौढ, अनुभवी आणि त्यातून आज्ञाधारक अप्रेंटिसचे सगळ्यांत मोठे नुकसान होते ते या ठिकाणी, म्हणून मी इथे जरा जास्त रेंगाळणार आहे. प्लेसमेंटवर असताना तुम्ही ‘सुपरन्युमररी’ असता, म्हणजे वॉर्डाच्या मनुष्यबळात तुमची मोजणी करायची नसते. एका प्लेसमेंटवर माणसे कमी पडली की मला रोज सकाळी ‘तुला तर सगळे येते, सहा रुग्णांच्या बेची (वॉर्डातल्या एका दालनाची) जबाबदारी तू घे’ असे सांगितले जाई, आणि मी नाही म्हणत नसे. पाच आठवड्यांनंतर माझ्या मूल्यांकनाच्या पुस्तिकेत आंघोळी आणि बिछाने यांपलीकडे लिहिण्यासारखे काही नव्हते. इंजेक्शन, कॅथेटर, डिस्चार्जचे नियोजन, सारे राहिले होते. मी विद्यापीठाच्या लिंक लेक्चररला, म्हणजे वॉर्डाशी संपर्क ठेवणाऱ्या प्राध्यापकाला, कळवल्यावर दोन दिवसांत चित्र बदलले. ते मी पहिल्याच आठवड्यात करायला हवे होते.

त्यासाठी माणसे ओळखून ठेवा. रोज शिकवणारा प्रॅक्टिस सुपरवायझर, प्लेसमेंटच्या शेवटी निर्णय देणारा प्रॅक्टिस असेसर आणि विद्यापीठाचा अॅकॅडेमिक असेसर या तीन वेगळ्या व्यक्ती असतात. प्रत्येक सोमवारी, या आठवड्यात कोणती तीन कौशल्ये शिकायची आहेत, हे सुपरवायझरला कागदावर लिहून द्यावे आणि जे केले त्याची सही त्याच दिवशी घ्यावी. प्लेसमेंट संपल्यावर सह्यांसाठी फिरणे फार मनस्तापाचे असते. आपल्याच जुन्या वॉर्डात परतल्यावर तर गळ्यातील पट्ट्याचा रंगही सहकाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. तेव्हा ‘आज मी विद्यार्थी म्हणून आले आहे’ हे हँडओव्हरच्या वेळी सर्वांसमोर सांगावे.

औषधांच्या गणिताची तयारी पहिल्या महिन्यापासून करा, कारण नोंदणीपूर्वीच्या त्या परीक्षेत १०० टक्के गुणच लागतात. गणित अवघड नसते, पण ते दडपणाखाली अचूक यावे लागते. उदाहरणार्थ, २ मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम औषध आहे आणि ७५ मिलिग्रॅम द्यायचे आहे : हव्या मात्रेला उपलब्ध मात्रेने भागायचे आणि द्रवाच्या मापाने गुणायचे, उत्तर ३ मिलिलिटर. एक लिटर सलाइन आठ तासांत, मिलिलिटरला २० थेंब पडणाऱ्या नळीतून द्यायचे असेल, तर २०,००० थेंब भागिले ४८० मिनिटे, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. आपल्या शाळेतल्या पाढ्यांची इथे खरी मदत होते. मी भाजी चिरताना अशी दहा गणिते मुलाकडून विचारून घेत असे. उत्तर काढल्यावर ‘एवढे इंजेक्शन एका माणसाला देणे शक्य आहे का’ हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय मात्र सूत्रापेक्षाही मोलाची आहे.

निबंधांबाबत एवढेच सांगते, की संदर्भ देण्याची पद्धत विद्यापीठाच्या ग्रंथपालाकडून पहिल्या पंधरवड्यातच शिकून घ्या. आपल्या शिक्षणात पाठांतरावर भर होता, आणि पुस्तकातले वाक्य जसेच्या तसे उतरवणे इथे वाङ्मयचौर्य ठरते. वाचन-लेखनात आयुष्यभर अडचण आली असेल तर डिस्लेक्सियाची चाचणी मागा. वयाच्या पंचेचाळिशीत ती पहिल्यांदा होऊन अभ्यासात रीतसर मदत मिळालेल्या माझ्या वर्गमैत्रिणी आहेत.

शेवटची पायरी : पिन नंबर येईपर्यंत

सारे तास आणि मूल्यांकने पुरी झाली, की विद्यापीठ तुमच्या प्रकृतीबद्दल आणि चारित्र्याबद्दलचे निवेदन एनएमसीला पाठवते. त्यानंतर तुम्ही ऑनलाइन अर्ज आणि शुल्क भरायचे असते. पासपोर्टवरील, पदवीवरील आणि पगारपत्रकावरील नाव एकसारखे आहे का, हे त्याआधी सहा महिने तपासा. लग्नानंतर बदललेले नाव, मधले वडिलांचे की पतीचे नाव आणि आडनावाचे वेगवेगळे स्पेलिंग यांमुळे मराठी बायकांचे अर्ज हमखास अडतात, आणि भारतातून विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत मागवायला वेळ लागतो.

नोंदणी झाली की एनएमसीकडून पिन नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, मिळतो. तो येईपर्यंत अनेक ठिकाणी खालच्या बँडवरच काम करावे लागते. त्या काळात वॉर्डातली माणसे तुम्हाला नर्सच समजू लागतात आणि कुणीतरी औषधांच्या ट्रॉलीची किल्ली पुढे करते. नाव एनएमसीच्या नोंदवहीत दिसेपर्यंत ती घेऊ नये.